झोपेची शिकवणी

एकतीस वर्षं मी इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका शाळेत गणित शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत माझ्या वर्गात झोपायची कुणाची छाती झाली नाही. फळ्याकडे तोंड असलं तरी शेवटच्या बाकावर कुणाची मान कलंडली ते मला पाठीला कळायचं. त्यामुळे रिटायर झाल्यावर माझी स्वतःची झोप पार उडाली, तेव्हा घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. "त्या पोरांचे तळतळाट लागले तुला," असं आमचे हे म्हणाले, आणि एवढं बोलून कूस बदलून घोरायलाही लागले.

ह्यांची झोप म्हणजे कुंभकर्णाने शिकवणी लावावी अशी. पाठ टेकली की पाचव्या मिनिटाला माणूस गायब. मला त्यांचा राग यायचा, आणि तो लटका नव्हता, चांगला खराखुरा होता. शेजारी कुणी पोटभर जेवतंय आणि आपल्या ताटात काहीच नाही, असं ते रोजचं होतं. तशी माझी झोप पंधराएक वर्षांपासूनच बिघडलेली. शाळा होती तोवर दिवसभराची दमणूक मला पहाटेकडे तीन-चार तास तरी पाडायची. शाळा सुटली आणि तेवढाही आधार गेला.

मग नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी मुलीच्या घरून, स्लाऊहून, रीडिंगला गाडी चालवत परत येत होते. लाल सिग्नलला थांबले आणि डोळे मिटले. किती वेळ ते माहीत नाही. काचेवर टकटक झाली तेव्हा बाहेर पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी वाकून बघत होते. "भैणजी, ठीक हो?" मागे ही रांग लागलेली, हॉर्न वाजताहेत, आणि सिग्नल हिरवा होऊन बहुतेक पुन्हा लाल झालेला. मी "हो हो, एकदम ठीक," असं मराठीत उत्तर दिलं आणि निघाले.

घरी ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगितली. मुलगी फोनवर होती. तिला सातवा महिना होता. ती हसली नाही.

"आई, दॅट्स नॉट फनी. तू गाडीत झोपली. माझा बेबी बॅक सीटवर असता तर?"

"अगं, क्षणभर डोळा लागला."

"आय नो. पण तुझा झोप सॉर्ट होत नाही ना, तोपर्यंत मी बेबी तुझ्याकडे नाही ठेवू शकत. सॉरी. आय रिअली मीन इट."

"तुझी झोप," मी म्हटलं. सवयच ती. फोन ठेवला आणि मग मला जो काही राग आला, तो मी ह्यांच्यावर, कपाटाच्या दारावर आणि भांड्यांवर काढला. दुसऱ्यांची शेकडो पोरं मी माणसात आणली, आणि माझं नातवंड माझ्या हाती द्यायला माझीच मुलगी नाही म्हणते! पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय ती खरं बोलत होती, आणि राग त्याचाच जास्त होता.

जानेवारीत नात झाली. इतकी देखणी की सांगायची सोय नाही, आणि नाक थेट माझं. मला तिला घ्यायला मिळायचं, नाही असं नाही, पण मुलगी त्याच खोलीत बसून असायची. परीक्षेच्या हॉलमध्ये मी पोरांवर जशी नजर ठेवायचे, तशी ती माझ्यावर ठेवायची. मी गाडी सोडलीच होती. ट्रेनने जायचे, ट्रेनने यायचे. ऑक्टोबरमध्ये तिला कामावर परत जायचं होतं. जावई आठवड्यातले चार दिवस लंडनला. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस नात माझ्याकडे असावी, मी तिला तेलाने माखून न्हाऊ घालावं, मऊ भात भरवावा, पार्कात फिरवून आणावं, एवढंच माझं मागणं होतं. मुलीच्या फ्रिजवर मात्र मॅग्नेटखाली नर्सरीचा फॉर्म लावलेला होता. सगळा भरलेला. फक्त सही राहिलेली.

झोपेसाठी मी काय केलं नाही ते विचारा. डॉक्टरने झोपेचा ऑनलाइन कोर्स करायला सांगितला. मी तो गृहपाठासकट केला. दुपारचा चहा सोडला, झोप नसेल तेव्हा पलंग सोडून उठून बसायला शिकले. थोडा फरक पडला आणि गाडी तिथेच अडकली. मग मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीने न्यूरोफीडबॅकचं नाव काढलं. तिच्या भाच्याने केलं होतं म्हणे. "मेंदूच्या लहरींची शिकवणी असते," ती म्हणाली. शिकवणी हा शब्द ऐकला आणि मी ताठ बसले. शिकवणीत मी आजवर कधी हरले नव्हते.

रीडिंगमध्येच एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर ती खोली होती. शिकवणारी बाई स्कॉटिश, उंच, पांढरे केस कापलेले, पूर्वी नर्स होती. तिने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं, "काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. संशोधक अजून आपापसात भांडताहेत. मी वचन देणार नाही." मला ती तिथेच आवडली.

प्रकार साधा होता. डोक्यावर मधोमध चिकट मलम लावून एक सेन्सर बसवायचा आणि कानांच्या पाळ्यांना दोन क्लिपा. डोक्यात काही सोडत नाहीत, मेंदूत काय चाललंय ते नुसतं ऐकतात. अंग स्वस्थ आणि मन निवांत असलं की एक ठरावीक लहर उठते. ती वाढायला हवी, आणि ताणाच्या वेगवान लहरी उतरायला हव्यात. समोर पडद्यावर एक नदी, नदीत एक होडी. हवी ती लहर वाढली की होडी पुढे सरकते आणि बारीकशी घंटी वाजते. मेंदूला घंटी आवडते, म्हणून तो हळूहळू ती वाजवायला शिकतो.

"होडी हलवायची कशी?" मी विचारलं.

"हलवायची नाही. हलली तर बघायची."

हे काय उत्तर झालं? माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

आठवड्यातून दोनदा मी जायचे. होडीकडे डोळे वटारून बघायचे. होडी जागची हलायची नाही. श्वास मोजले, दात-ओठ खाऊन शांत झाले, पण होडी ढिम्म. मग मी तीसपर्यंतचे पाढे मनात म्हणायला घेतले, आणि ते संपल्यावर पावकी आणि निमकी. वडिलांनी लहानपणी घोकून घेतलेली ती पावकी-निमकी मला अजून धडाधड येते. होडी जणू खिळे ठोकून बसवली होती. उलट ताणाच्या लहरी अशा काही उसळल्या की बाईने जवळ येऊन विचारलं, "आत्ता काय करत होता तुम्ही?"

"रिलॅक्स होत होते," मी म्हणाले.

तिसऱ्या खेपेपासून मी वही न्यायला लागले. किती घंट्या वाजल्या त्याचा आलेख काढायचा म्हणून. आलेख कसला, जमिनीला टेकलेली रेघ. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाकीच्यांच्या किती वाजतात?" बाई खो खो हसली. "तुम्हाला पहिला नंबर हवाय का?"

हवाच होता. खोटं कशाला बोलू? घरी येऊन हे सांगितलं तर हे म्हणाले, "झोपेत पहिला नंबर? अगं, तो या घरात गेली पस्तीस वर्षं माझा आहे. तू दुसऱ्याचं बघ."

ऑगस्ट उजाडला. सात खेपा पालथ्या घड्यावर पाणी. त्यात मुलीचा फोन आला. "आई, नर्सरीला फ्रायडेपर्यंत आन्सर द्यायचा आहे. दे वोन्ट होल्ड द प्लेस." मी "बरं" म्हटलं. मग ती म्हणाली, "आय वॉन्टेड इट टू बी यू, आई. यू नो दॅट, ना?" मी परत "बरं" म्हटलं.

माझी पुढची खेप नेमकी शुक्रवारीच सकाळी होती. म्हणजे शेवटचा पेपर. आमच्या लहानपणी पेपरच्या आदल्या दिवशी आई डोक्यावर तेल थापायची. डोकं थंड राहतं, वाचलेलं आत मुरतं, आणि झोपही लागते. ते मला गुरुवारी संध्याकाळी आठवलं, आणि इतक्या दिवसांत हे कसं सुचलं नाही म्हणून मीच माझ्यावर चिडले. वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेली खोबरेल तेलाची बाटली काढली. बाहेर इंग्लंडचा ऑगस्ट, त्यामुळे तेल थिजलेलं. गरम पाण्याच्या मगमध्ये बाटली बुडवली आणि ह्यांना म्हटलं, "अहो, जरा डोक्यावर तेल घाला." ह्यांनी हात सैल सोडून घातलं. निम्मी बाटली जिरवली. सकाळी मी घट्ट विंचरून, चापूनचोपून वेणी घातली आणि निघाले. कितीतरी दिवसांनी आरशात मला मी नीटनेटकी दिसले.

बाईने मलम लावलं, सेन्सर बसवला. तो घसरला. पुन्हा बसवला, पुन्हा घसरला. पडद्यावरच्या रेघा भूकंप झाल्यासारख्या वरखाली. बाईने वायर बदलली. दुसरी वायर आणली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. यंत्रच बिघडलं असावं, असं ती पुटपुटली आणि मी मनात म्हटलं, दुष्काळात तेरावा महिना. मग तिने आपली बोटं एकमेकांवर घासली, उजेडात धरली आणि हुंगली.

"खोबरं?"

"तेल," मी म्हणाले. "डोकं शांत राहावं म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी हाती दिलेल्या कागदावर स्वच्छ केसांनी या असं लिहिलं होतं, आणि तो कागद मी दोनदा वाचला होता. पण आमच्याकडे तेल लावून विंचरलेलं डोकं हेच स्वच्छ डोकं. केस भुरभुरत असले की आई म्हणायची, काय अवतार करून निघालीस. तेलामुळे सेन्सरला माझा मेंदू ऐकूच येत नाही, हे माझ्या डोक्यात येणार तरी कसं?

"हरकत नाही," बाई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात! मी तिला नर्सरीच्या फॉर्मबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. साठ वर्षांची बाई मी, कानाला क्लिपा तशाच लटकताहेत, आणि डेंटिस्टच्या डोक्यावर बसून मुसमुसून रडते आहे. बाईने पूर्ण ऐकून घेतलं. घड्याळ बघितलं. बाह्या वर सारल्या. "चला," ती म्हणाली.

जिन्याशेजारी चहा करायची एवढीशी खोली होती. तिथल्या सिंकवर तिने मला वाकवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा साबण माझ्या डोक्यावर ओतला. "तेलाला हाच लागतो," ती म्हणाली. मगने कोमट पाणी घालत ती माझं डोकं चोळायला लागली. नर्सचा हात, जोर बेताचा. दिवाळीत आई न्हाऊ घालायची, त्यानंतर माझं डोकं कुणी धुतलं नव्हतं. हेअरड्रेसर धरू नका, ती गोष्ट वेगळी.

आणि मी बोलत सुटले. मान खाली, डोळे मिटलेले, नाकाशी लिंबाचा वास, अशा अवस्थेत माणसाला खोटं बोलता येत नाही. मुलगी लहान असताना दर रविवारी मी तिचे केस अशीच धुवायचे आणि ती किंचाळायची, हे सांगितलं. सतराव्या वर्षी तिने ड्रायव्हिंग टेस्ट पास केली, हे सांगितलं. शनिवारी मित्रमैत्रिणींकडे जायची आणि मी पलंगावर पडून दारात किल्ली फिरल्याचा आवाज कधी येतो त्याची वाट बघायचे. किल्ली फिरली की मी पुढच्या मिनिटाला झोपलेली असायचे. मग ती युनिव्हर्सिटीला गेली, मग नोकरी, मग लग्न. किल्लीचा आवाज काही आला नाही आणि माझा कान उघडा तो उघडाच राहिला. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण ते मला स्वतःलाच त्या सिंकपाशी कळत होतं.

बाई पाणी घालत राहिली. मग म्हणाली, "आता ती कुठे असते?"

"स्लाऊला. ट्रेनने वीस मिनिटं."

"रात्री घरी पोचते?"

"पोचते की."

"मग?"

मग काय! मला हसूच आलं. सिंकमध्ये हसायला लागले तर तोंडात फेस गेला. तो थुंकताना आणखी हसू आलं, आणि ती धडधाकट बाईसुद्धा भिंतीला टेकून हसायला लागली.

डोक्याला टॉवेल गुंडाळून मी खुर्चीत बसले. केस थोडे कोरडे झाल्यावर तिने सेन्सर बसवला. या वेळी तो चिकटला. वही पर्समध्येच राहिली होती आणि मला ती काढायचा कंटाळा आला होता. आपल्या डोक्याला नुकत्या घासलेल्या ताटलीचा वास येतोय, असा विचार करत मी नदीकडे बघत होते. घंटी वाजली. मला वाटलं, खाली डेंटिस्टकडे कुणी आलं. पुन्हा वाजली. होडी चालली होती! एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणून मी सरसावून बसले, तर होडी जागच्या जागी गप्प. बाईने फक्त आपले खांदे खाली सोडून दाखवले. मी माझे सोडले. जरा वेळाने घंटी परत वाजली. आयुष्यभर मी पोरांना "अजून जोर लावा" म्हणत आले, आणि अति तिथे माती हे मला साठाव्या वर्षी एका कॉम्प्युटरवरच्या होडीने शिकवलं.

संध्याकाळी मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. तेल, साबण, फेस, किल्ली, सगळं. ती इतकी हसली की नात जागी झाली. किल्लीपाशी मात्र तिचं हसू थांबलं. "मी कधी कधी तीनला यायची, आई. तू अवेक असायची?"

"दर वेळी."

मग म्हणाली, "मी त्यांना टू वीक्स मागते. फॉर्म साइन नाही करत. अजून."

चमत्कार झाला नाही, हे आधीच सांगते. पुढच्या दोन आठवड्यांत मी चार वेळा गेले, डोकं कोरडं ठेवून. घंट्या वाढत गेल्या. एका रात्री सलग चार तास झोप लागली, मग पुन्हा दोन, मग पाच. हे त्या यंत्राने झालं, सिंकपाशी बोलल्याने झालं की नुसतं हसल्याने, ते मला ठाऊक नाही आणि बाईलाही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "झोपा. पुरावे शोधणारे शोधतील."

पुरावा ह्यांनीच शोधला. एका सकाळी हे चहाच्या टेबलावर लाल डोळे करून बसले होते. "तू घोरतेस," हे म्हणाले. "भयंकर. मी दोनदा उठलो." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतका आनंद मला मास्तरकीची पहिली नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पण ह्यांचं एवढ्यावर भागलं नाही. फोनवर माझं घोरणं रेकॉर्ड करून ह्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं. भारतातल्या दिरांपासून ते बर्मिंगहॅमच्या चुलतजावेपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. मुलीने खाली लिहिलं होतं, "बाबा, इज धिस रिअल?" आणि ह्यांचं उत्तर, "गळ्याशपथ."

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तिने मला ट्रायलसाठी बोलावलं. मी गाडी काढली. तो सिग्नल लागला, लाल होता, आणि हिरवा होईपर्यंत मी त्याच्याकडे असं टक लावून बघत राहिले की सिग्नललाच लाज वाटावी.

मुलीने दार उघडलं. नातीला दात येत होते. तीन रात्री घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलीचे केस विस्कटलेले, टॉपवर दुधाचा डाग, मुठीत गाडीची किल्ली. मला घर सोपवून ती सामान आणायला बाहेर जाणार होती. तिने नातीला माझ्या कडेवर दिलं आणि दोन पानांची यादी वाचायला घेतली. किती वाजता काय, कुठल्या वाटीत काय, कुठलं औषध कधी. पहिल्या पानाच्या मध्यावर ती वाचता वाचता सोफ्यावर टेकली.

"आई, तू अवेक आहेस ना?"

"टक्क जागी आहे."

"नक्की?"

"रात्री सहा तास झोपले. बाबांना विचार. तू वाच पुढे."

ती पुढे वाचायला लागली. "इलेव्हनला तिला बनाना..." आणि बनानावरच तिची मान कलंडली. माझ्यासमोर कुणाची मान कलंडलेली मी कधी खपवून घेतली नव्हती. मी तिच्या पायांवर शाल टाकली. मुठीतली किल्ली हळूच सोडवली आणि दाराजवळच्या हुकला अडकवली. बारीकसा आवाज झाला. किल्लीचा तो आवाज ऐकून मी त्या हुकापाशी जरा वेळ उभी राहिले.

नात तिच्याकडे हात करून ओरडायच्या बेतात होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"हळू हं," मी म्हटलं. "माझं बाळ झोपलंय."